गोष्ट कोणाच्या नजरेतून सांगायची? निवेदनाच्या दृष्टिकोनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कथा-कादंबरी लिहिणाऱ्या मंडळींकडून निवेदनाबद्दल जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला प्राथमिक प्रश्न आहेत, अडचणीचे पुढे आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराचा संबंध येतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

उदाहरणासाठी बहुतेक ठिकाणी एकच प्रसंग वापरला आहे. वडील गेल्यानंतर सुमती जुन्या घरी येते. थोरला भाऊ अविनाश दारात उभा आहे. घर विकायचा व्यवहार त्याने परस्पर ठरवून टाकला आहे आणि सुमतीला याचा पत्ता नाही.

१. दृष्टिकोन म्हणजे 'मी' लिहायचं की 'तो', एवढंच ना?

सर्वनाम हा त्याचा वरवर दिसणारा भाग झाला. खरे प्रश्न तीन आहेत: सांगणाऱ्याला किती माहीत आहे, तो प्रसंगापासून किती अंतरावर उभा आहे, आणि तो हे कधी सांगतो आहे, घडत असताना की वीस वर्षांनी. व्यवहाराचं सुमतीला माहीत नाही, अविनाशला माहीत आहे. गोष्ट सुमतीबरोबर चालली तर वाचकालाही शेवटी धक्का बसेल. अविनाशबरोबर चालली तर वाचक पहिल्या ओळीपासून ते ओझं वागवत राहील. प्रसंग तोच, पण या दोन वेगळ्या कथा आहेत. म्हणून दृष्टिकोन ठरवताना मी आधी माहितीची हद्द आखतो. सर्वनाम त्यानंतर बहुतेक वेळा आपोआप ठरतं.

२. लेखक आणि निवेदक एकच नसतात का?

नसतात. अगदी स्वतःच्या आयुष्यावर लिहिलेल्या कथेतही नसतात. निवेदक हे तुम्ही घडवलेलं पात्र आहे. त्याचं वय, त्याची भाषा, त्याचे गैरसमज तुमच्यापेक्षा वेगळे असू शकतात. 'मी'ने लिहिणाऱ्यांनी तर ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. तुम्हाला आज जे कळतं ते तुमच्या बारा वर्षांच्या 'मी'ला कळत नव्हतं.

३. मुख्य प्रकार कोणते?

प्रथमपुरुषी निवेदनात पात्र स्वतः 'मी' म्हणून सांगतं. तृतीयपुरुषी मर्यादित निवेदन 'तो', 'ती' म्हणतं, पण एका वेळी एकाच पात्राच्या मनात शिरतं. तृतीयपुरुषी सर्वज्ञ निवेदक सगळ्यांची मनं, भूतकाळ आणि भविष्य जाणतो. कोणाच्याच मनात न शिरता फक्त दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच नोंदवणारं वस्तुनिष्ठ निवेदन हाही एक प्रकार आहे. तो लघुकथेला शोभतो, कादंबरीभर पेलणं अवघड जातं. 'तू' आणि 'आम्ही' यांच्याबद्दल प्रश्न १४ पाहा.

४. मी नवशिका आहे. 'मी'ने लिहिणं सोपं, असं सगळे सांगतात. खरं आहे का?

सुरुवात करायला सोपं, निभावायला कठीण. 'मी' म्हटलं की सूर लवकर सापडतो आणि वाचकही पटकन जवळ येतो. अडचण दहाव्या पानाच्या आसपास सुरू होते. हा माणूस जिथे नव्हता तिथलं सांगता येत नाही, आणि प्रत्येक वाक्य त्याच्याच तोंडी शोभेल असं लिहावं लागतं. सगळं पुस्तक एकाच माणसाच्या सहवासात काढायचं तर त्याचं बोलणं ऐकत राहावंसं वाटलं पाहिजे.

ज्यांना अजून आपल्या पात्राचा आवाज नीट ऐकू येत नाही त्यांना मी तृतीयपुरुषी मर्यादित निवेदन सुचवतो. त्यात पात्राच्या जवळ जाता येतं आणि वाटलं तर एक पाऊल मागेही सरता येतं.

५. कोणत्या पात्राच्या नजरेतून सांगावं हे कसं ठरवायचं?

'ज्याचं सर्वांत जास्त नुकसान होतं त्याच्या नजरेतून' असं उत्तर नेहमी दिलं जातं. ते अर्धंच बरोबर आहे. मी स्वतःला आणखी दोन गोष्टी विचारतो. शेवटच्या क्षणी कोण हजर आहे? आणि कोणाचा समज चुकीचा आहे? चुकीचा समज बाळगणारं पात्र हा दृष्टिकोनाचा उत्तम मालक असतो, कारण त्याच्या प्रत्येक निरीक्षणात गोष्ट घडत असते. अविनाशने चहाचा कप हातात देताना नजर टाळली, हे सुमतीला दुःख वाटतं. तीच हालचाल पुन्हा वाचणाऱ्याला अपराध वाटते.

कधी कधी मुख्य पात्राच्या बाजूला उभा असलेला माणूस अधिक चांगलं सांगतो. 'बनगरवाडी'त (१९५५) निवेदन मास्तर करतो, पण गोष्ट वाडीची आहे. बाहेरून आलेल्या माणसाला सगळं नव्याने बघावं लागतं, आणि त्याच्याबरोबर वाचकालाही. तुमचं मुख्य पात्र फार अबोल, फार थोर किंवा स्वतःबद्दल काहीच न कळणारं असेल तर असा शेजारचा 'मी' शोधा.

तरीही ठरत नसेल तर एकच प्रसंग दोघांच्या बाजूने एकेक पान लिहून काढा. ज्या पानात तुम्हाला आधी न सुचलेले तपशील येऊ लागतात, ती बाजू घ्या.

६. एकाच प्रसंगात दोघांच्याही मनात गेलं तर चालतं का?

सर्वज्ञ निवेदक असेल तर चालतं, पण तो पहिल्या परिच्छेदापासून सर्वज्ञ हवा. त्याचा स्वतःचा सूर असतो. तो थोडा वर उभा राहून दोघांकडे बघतो: 'दोघंही एकाच खोलीत बसली होती आणि दोघांनाही वाटत होतं की दुसऱ्याला काहीच वाटत नाही.' या वाक्यात निवेदक दिसतो, म्हणून ते पटतं.

बिघडतं कुठे, तर चार पानं सुमतीच्या मनात काढल्यावर मध्येच 'अविनाशला तिची कीव आली' असं एक वाक्य येतं तेव्हा. लेखकाला माहिती पुरवायची घाई झालेली असते. हेच सुमतीच्या बाजूने सांगता येतं: 'अविनाशचा आवाज एकदम मऊ झाला. लहानपणी ती पडली की व्हायचा तसा.' कीव शब्दात आली नाही, वाचकाला मात्र पोहोचली. आणि सुमतीने तिचा अर्थ चुकीचा लावला तर आणखी चांगलं.

दृष्टिकोन खरोखर बदलायचाच असेल तर प्रकरण संपवून किंवा मोकळी ओळ सोडून बदला. नव्या भागाच्या पहिल्या-दुसऱ्या वाक्यातच आपण कोणाबरोबर आहोत हे कळू द्या.

७. तृतीयपुरुषात मनातलं लिहिताना दर वेळी 'असं तिला वाटलं' लिहावं लागतं का? फार कंटाळवाणं होतं.

नाही. यासाठी मराठीत एक फार सुंदर सोय आहे: 'आपण'. ही वाक्यं बघा.

'सुमती उंबऱ्याशी थबकली. आपण यायलाच नको होतं. कुलूप नवीन होतं. जुनं काय झालं? आणि दादाने विचारलंही नाही.'

मधल्या वाक्यांना 'तिच्या मनात आलं' अशी कुबडी लागली नाही. 'आपण' आलं की वाचक पात्राच्या मनात शिरतो, आणि 'कुलूप नवीन होतं' हेही मग तिचंच निरीक्षण ठरतं. 'दादा' हा शब्दही तिचाच आहे. सुरुवातीला एकदा 'तिला वाटलं' लिहून दार उघडून द्यावं, पुढे ते उघडंच ठेवावं.

'तिने पाहिलं की', 'तिला ऐकू आलं की', 'तिच्या लक्षात आलं की' हेही पुनर्लेखनात तपासा. आपण तिच्याच नजरेतून बघत असू तर 'तिने पाहिलं की खिडकी उघडी होती' यापेक्षा 'खिडकी उघडी होती' पुरतं. मात्र पाहणं हीच घटना असेल, म्हणजे आधी दिसलं नव्हतं आणि आत्ता दिसलं, तर 'तिने पाहिलं' ठेवा.

८. निवेदनात 'बाबा आले' लिहू की 'दामोदर आला'?

या प्रश्नाकडे फार थोडे लिहिणारे लक्ष देतात, म्हणून इथे थोडं थांबतो. मराठीत आदर क्रियापदात असतो. 'आला' की 'आले' हे ठरवताना निवेदक त्या माणसाशी स्वतःचं नातं सांगून टाकतो. तटस्थ 'तो' असं काही आपल्याकडे फारसं शिल्लक राहत नाही.

सुमतीच्या जवळून चाललेल्या मर्यादित निवेदनात वडील 'बाबा'च राहिले पाहिजेत आणि 'आले', 'म्हणाले' असंच यायला हवं. मध्येच 'दामोदर म्हणाला' आलं की वाचक तिच्या डोक्यातून बाहेर फेकला जातो. सर्वज्ञ निवेदक मात्र त्यांना 'दामोदर' आणि 'आला' म्हणू शकतो, कारण तो कोणाचा मुलगा नाही. 'दामोदरपंत आले' लिहिणारा निवेदक आणखी तिसरा: तो जुन्या वळणाचा आहे, माणसांचा मान राखून बोलणारा आहे.

हाच धागा गोष्टीसाठीही वापरता येतो. व्यवहाराचं कळल्यानंतर सुमतीच्या निवेदनातला 'दादा' हळूच 'अविनाश' झाला, तर एकही विशेषण न वापरता नातं तुटल्याचं सांगून होतं. मात्र हा बदल एकदाच करा आणि जाणूनबुजून करा. नजरचुकीने पाच ठिकाणी झालेला बदल वाचकाला फक्त गोंधळात टाकतो.

९. निवेदनात 'केले' लिहावं की 'केलं'? आणि बोलीत निवेदन केलं तर?

'तिने दार उघडले' हे वाक्य थोडं लांबून येतं, लेखी वाटतं. 'तिने दार उघडलं' कानाशी बोलतं. म्हणून ही निवडही दृष्टिकोनाचाच भाग आहे. सर्वज्ञ, जुन्या काळातलं, सावकाश चालणारं निवेदन 'उघडले'मध्ये शोभतं. प्रथमपुरुषी आणि जवळचं मर्यादित निवेदन बहुधा 'उघडलं' मागतं. एकाच निवेदकाच्या तोंडी दोन्ही मिसळू नका. संवाद 'उघडलं'मध्ये आणि निवेदन 'उघडले'मध्ये ही जुनी, रुळलेली पद्धत आहे आणि ती आजही चालते.

बोलीबद्दल माझं मत ठाम आहे. 'मी' जर बोली बोलणारा असेल तर निवेदनही त्याच बोलीत हवं. आयुष्यभर एका बोलीत जगलेलं पात्र स्वतःची गोष्ट सांगताना अचानक वृत्तपत्री प्रमाण मराठीवर आलं, तर ते खोटं वाटतं. पण ती बोली तुमच्या कानात मुरलेली हवी. चार-दोन शब्द पेरून बोली होत नाही. तिची वाक्यरचना, तिचे हेल यायला हवेत. तेवढी ओळख नसेल तर मर्यादित तृतीयपुरुषी घ्या, निवेदन प्रमाण भाषेत ठेवा आणि बोली संवादापुरती येऊ द्या.

१०. निवेदक स्त्री आहे की पुरुष हे शेवटपर्यंत लपवायचं आहे. मराठीत जमेल का?

जमेल, पण प्रत्येक वाक्यावर पहारा ठेवावा लागेल. 'मी गेलो' की 'मी गेले', 'मी जातो' की 'मी जाते', इथेच गुपित फुटतं. वाटा मात्र आहेत. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ बहुधा कर्माप्रमाणे चालतो, म्हणून 'मी दार उघडलं', 'मी पत्र वाचलं' यात काही कळत नाही. 'मी म्हणालो / म्हणाले' अडचणीचं, 'मी म्हटलं' सुरक्षित. 'मला वाटलं', 'मला जायचं होतं', 'माझ्या लक्षात आलं' ही सगळी बिनधोक. भविष्यकाळातलं 'मी जाईन' आणि रीतीभूतकाळातलं 'मी जात असे' यांतूनही काही कळत नाही. 'विसरलो', 'बोललो', 'शिकलो' या क्रियापदांपासून सावध राहा, ती कर्त्याप्रमाणेच चालतात. 'एकटा', 'थकलेला' अशी विशेषणंही टाळावी लागतात.

दुसऱ्यांचे संवाद हा मोठा सापळा आहे. 'अरे' आणि 'अगं' दोन्ही बाद, 'तू आलास' आणि 'तू आलीस' दोन्ही बाद. समोरच्याने 'तुम्ही आलात' म्हणायला हवं, म्हणजे त्या नात्यात आदराचं अंतर हवं. इतकं बंधन पाळूनही भाषा मोकळी वाटली पाहिजे. एखाद्या छोट्या कथेपुरतं हे फार सुरेख साधतं. लांब कादंबरीत मी हा हट्ट धरणार नाही.

एक अपवाद: काही भागांतल्या बोलीत बायकाही 'मी आलो', 'मी गेलो' म्हणतात. तिथली निवेदिका असेल तर गुपित राखणं सोपं होतं, आणि तेही अगदी खऱ्या भाषेत.

११. मी पुरुष आहे. स्त्रीच्या 'मी'ने लिहिलं तर?

लिहा. मराठी कादंबरीत ही वाट जुनी आहे. हरिभाऊ आपट्यांनी १८९०च्या दशकात 'पण लक्षात कोण घेतो' यमूच्या तोंडून सांगितली. आवश्यक आहे ते ऐकणं. माझ्याकडे आलेल्या हस्तलिखितांत वारंवार दिसणारी चूक अशी की, स्त्रीचा 'मी' आरशासमोर उभा राहून स्वतःचं वर्णन करतो. स्वतःच्या शरीरात राहणारं माणूस स्वतःला असं बाहेरून बघत नाही. मुलगी, आजी, आंधळा, सैनिक, कोणाचाही 'मी' लिहिताना ही एक कसोटी लावा: हे पात्र कशाकडे बघतं आणि कशाकडे बघायचं त्याला सुचतच नाही?

१२. कादंबरीत एकापेक्षा जास्त 'मी' असले तर चालतं का? किती?

चालतं. 'ययाती'मध्ये (१९५९) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा असे तीन 'मी' आहेत. 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण हेही बोलतात. कोणी किती घ्यावेत याचा आकडा नाही, पण एक चाचणी आहे. प्रकरणांवरची नावं झाकून कोणतंही पान उघडा. कोण बोलतं आहे हे दहा ओळींत कळायला हवं. कळत नसेल तर तुमच्याकडे एकच आवाज आहे आणि तो नावं बदलतो आहे. अशा वेळी अनेक 'मी' सोडून मर्यादित तृतीयपुरुषीत पात्रं आलटून पालटून घेणं चांगलं.

प्रत्येक नव्या 'मी'ने आधीच्या सांगण्यात काही बदलही घडवला पाहिजे. तोच प्रसंग फक्त पुन्हा सांगितला तर गोष्ट जागच्या जागी उभी राहते.

१३. 'मी' जिथे नव्हता तिथला प्रसंग कसा सांगू?

आधी विचार करा की तो प्रसंग खरंच लागतो का. वाचकाला पोकळी आवडते. लागत असेल तर कोणीतरी त्याला सांगू शकतं, एखादं पत्र हाती लागू शकतं. वामन मल्हार जोश्यांची 'इंदू काळे व सरला भोळे' (१९३४) तर पत्रांमधूनच उभी आहे. तिसरा मार्ग मला सर्वांत आवडतो: निवेदकाला कल्पना करू द्या आणि तो कल्पना करतो आहे हे दिसू द्या. 'दादाने सही करताना पेन दोनदा खाली ठेवलं असेल.' आपल्या भाषेत यासाठी 'असेल', 'असावा', 'बहुधा' आहेत, आणि ऐकीव गोष्टीसाठी 'म्हणे' आहे. 'रात्रभर जागाच होता म्हणे' या एका 'म्हणे'मध्ये माहिती कुठून आली, सांगणाऱ्याचा तिच्यावर किती विश्वास आहे, दोन्ही येतं.

१४. 'तू' किंवा 'आम्ही' वापरून लिहिलेलं वाचलंय. मीही करू का?

'तू' टिकतो तो कोणी, कोणाला आणि का म्हणतं आहे हे कथेत असेल तेव्हा. स्वतःलाच दटावणारं मन, गेलेल्या माणसाशी बोलणारं कोणी, आई मुलाशी. नुसती नवलाई म्हणून घेतलेला 'तू' तिसऱ्या पानावर थकवतो. शिवाय मराठीत 'तू उठलास' की 'उठलीस' हे ठरवावं लागतं, त्यामुळे वाचकाला त्या 'तू'मध्ये स्वतःला बसवणं तितकं सहज होत नाही.

'आम्ही' हा समूहाचा आवाज आहे: एक वर्ग, एक कुटुंब, एक गल्ली. इथे मराठीने आपल्याला दोन शब्द दिले आहेत. 'आम्ही' ऐकणाऱ्याला बाहेर ठेवतं, 'आपण' त्याला आत घेतं. 'आम्ही त्या घराकडे बघायचं सोडून दिलं' यात वाचक साक्षीदार आहे. 'आपण त्या घराकडे बघायचं सोडून दिलं' यात तो भागीदार आहे. प्रसंगी एकाकडून दुसऱ्याकडे सरकता येतं, आणि ते सरकणं हाच कथेचा कळसही होऊ शकतो.

१५. लहान मुलाच्या नजरेतून लिहायचं आहे. भाषा किती सोपी ठेवू?

मूल आत्ता सांगतं आहे की मोठं झाल्यावर आठवून सांगतं आहे, हे आधी ठरवा. आठवून सांगत असेल तर भाषा मोठ्याची चालते, समज मात्र त्या वेळची ठेवावी. मूल आत्ताच सांगत असेल तर शब्द थोडे हवेत, निरीक्षण मात्र तीक्ष्ण. मुलांना अर्थ कळत नाही, पण तपशील दिसतात. 'बाबांनी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि खिशावर हात तसाच ठेवला', इतकं मूल सांगू शकतं. 'बाबा काहीतरी लपवत होते' हे वाचकाला म्हणू द्या.

१६. निवेदकाला माहीत असलेली गोष्ट मी वाचकापासून लपवली तर ती फसवणूक होते का?

कशी लपवली यावर आहे. अविनाश 'मी' असेल, आपण त्याच्या मनात असू, तो दिवसभर व्यवहाराचाच विचार करत असेल आणि लेखकाने तेवढाच विचार कापून टाकला असेल, तर शेवटी वाचक चिडतो. त्याचं चिडणं योग्य आहे. पण अविनाश स्वतःपासूनच तो विचार दूर ठेवत असेल, विषय निघाला की कुलपाबद्दल, गळक्या छपराबद्दल बोलत असेल, तर लपवणं हा त्याचा स्वभाव झाला. पुन्हा वाचताना सगळ्या खुणा सापडायला हव्यात.

यालाच अविश्वसनीय निवेदक म्हणतात. तो खोटारडाच असतो असं नाही. स्वतःची समजूत घालणारा, लहान वयाचा (प्रश्न १५), प्रेमाने आंधळा झालेला, कोणीही असू शकतो. त्याच्या सांगण्यात आणि दिसण्यात फट हवी, आणि त्या फटीतून वाचकाला बघता यायला हवं.

१७. 'मी' सांगणारं पात्र शेवटी मरतं. मग गोष्ट सांगतं कोण?

वर्तमानकाळात चाललेलं निवेदन असेल तर ते तुटू शकतं आणि वाचक ते स्वीकारतो. डायरी किंवा पत्र असेल तर ती कोणाच्या तरी हाती लागू शकते. मेलेल्या माणसाने सांगणंही चालतं, मात्र हा करार लवकर करावा. वीस वर्षांनी शांतपणे आठवणाऱ्या सुरात भूतकाळी निवेदन करून शेवटच्या ओळीत त्याला मारून टाकलं, तर मागचं प्रत्येक पान खोटं पडतं.

१८. निम्मी कादंबरी लिहून झाल्यावर दृष्टिकोन चुकला असं वाटू लागलंय. सगळं पुन्हा लिहू?

लगेच नको. आधी खूण तपासा. तुमचं पात्र वारंवार दाराआडून ऐकतं आहे का? महत्त्वाच्या बातम्या त्याला दर वेळी दुसऱ्याकडून कळतात का? जे प्रसंग लिहायची तुम्हाला ओढ आहे तिथे ते हजरच नसतं का? तीनही उत्तरं 'हो' असतील तर गोष्ट दुसऱ्याची आहे.

मग सर्वांत अवघड प्रकरण घ्या आणि तेवढंच नव्या दृष्टिकोनातून कोऱ्या कागदावर लिहा. जुनं समोर ठेवून 'मी'च्या जागी 'ती' घालत बसू नका. त्याने सर्वनामं बदलतात, नजर तीच राहते. मी एक कथा आधी बहिणीच्या बाजूने पूर्ण केली होती. भावाच्या बाजूने लिहायला बसलो तेव्हा त्यातले फक्त दोन संवाद जसेच्या तसे टिकले. घरातल्या वस्तूसुद्धा बदलल्या, कारण ज्या खोलीत तिला आठवणी दिसत होत्या तिथे त्याला दुरुस्त्या दिसत होत्या. तुमचं नवं प्रकरण असं आपलं आपण वेगळं होऊ लागलं, तर उरलेलं पुन्हा लिहायला घ्या. तसं झालं नाही तर दोष दृष्टिकोनात नाही, आणि जुन्या मसुद्याकडे परत जायला हरकत नाही.